फिजिक्सचं गणित अडलं, तर मदत कशी मागावी आणि कशी द्यावी

अकरावी सायन्सला फिजिक्सचे पहिले काही धडे झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते: "थिअरी समजते, पण न्यूमेरिकल सुटत नाही." मग कुणीतरी वहीवर ते गणित सोडवून देतं. बघताना प्रत्येक ओळ पटते. आठवड्याने चाचणीत तसंच गणित येतं आणि पहिल्याच ओळीला हात थांबतो. दुसऱ्याने सोडवलेलं पटणं सोपं असतं. कोऱ्या कागदावर तेच गणित स्वतः उभं करणं हे वेगळं काम आहे, आणि मदत त्या कामासाठी हवी असते.

त्यामुळे मदत मागण्याआधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं आणि मदत तेवढ्याच जागी घ्यायची. मदत देणाऱ्यानेही तेवढीच द्यायची. खाली ते कसं करायचं हे यांत्रिकीतल्या दोन नेहमीच्या गणितांवर दाखवलंय, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडतात.

विचारण्याआधीची वीस मिनिटं

गणित दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक आकड्याखाली आणि प्रत्येक अटीखाली रेघ मारा. मग किमान अर्धं पान भरेल एवढी आकृती काढा. कोपऱ्यात काढलेल्या इवल्याशा आकृतीत बाण मावत नाहीत, आणि जो बाण मावला नाही तो समीकरणातही येत नाही.

आकृतीशेजारी दिलेल्या राशी लिहा आणि एककं लगेच एसआयमध्ये बदला. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर (५ ने गुणून १८ ने भागायचं), २०० ग्रॅम म्हणजे ०.२ किलोग्रॅम, १ चौरस सेंटिमीटर म्हणजे एका चौरस मीटरचा दहाहजारावा भाग. हे बदल "नंतर करू" म्हणून सोडले की हटकून राहतात. त्याखाली काय काढायचंय ते लिहा आणि त्याचं एककही आत्ताच लिहून ठेवा. शेवटी धन दिशा कुठली धरली तो बाण काढा. वर धन धरा किंवा खाली, दोन्ही चालतं, पण गणित संपेपर्यंत तीच ठेवायची.

एवढं झाल्यावरच सूत्राकडे वळायचं. वीस मिनिटांत उत्तर येईलच असं नाही. पण आकृती, दिलेल्या राशी आणि एक तरी समीकरण, मग ते चुकीचं का असेना, कागदावर असलंच पाहिजे. चुकीचं समीकरण हातात असलं की समोरच्याला चूक दिसते. कोऱ्या पानावर कुणालाच काही दिसत नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांचं घोडं बऱ्याचदा फिजिक्सच्याही आधी, इंग्रजी वाक्यातच अडतं. त्वरणाचं अ‍ॅक्सिलरेशन आणि संवेगाचं मोमेंटम होतं, हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. खरी अडचण असते ती साध्या दिसणाऱ्या शब्दांची, कारण त्यांच्यात अटी दडलेल्या असतात. "स्मूथ" म्हणजे दिसायला गुळगुळीत एवढंच नव्हे. घर्षण शून्य धरा असं ते सांगतं. "लाइट स्ट्रिंग" म्हणजे दोरीला वस्तुमान नाही. त्यात कप्पीही हलकी आणि घर्षणाशिवाय असेल, तर दोरीतला ताण दोन्ही बाजूंना सारखा. "इनएक्स्टेन्सिबल" म्हणजे दोरी ताणली जात नाही, म्हणून तिला बांधलेल्या दोन्ही वस्तूंच्या त्वरणाचं मूल्य सारखं. "फ्रॉम रेस्ट" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य आणि "कम्स टू रेस्ट" म्हणजे अंतिम वेग शून्य. "युनिफॉर्म व्हेलॉसिटी" दिसलं की त्वरण शून्य, म्हणजे सगळ्या बलांची बेरीज शून्य. "जस्ट बिगिन्स टू स्लाइड" मधला "जस्ट" सांगतो की स्थितिक घर्षण (थांबलेल्या वस्तूवरचं) आपल्या कमाल मर्यादेवर पोचलंय. आणि "रिस्पेक्टिव्हली" म्हणजे अनुक्रमे. हा शब्द नजरेतून सुटला की ३ किलोचं वजन ५ किलोच्या जागी बसतं. वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द आणि त्यांच्यामागची अट लिहीत जा. पंधरा-वीस शब्दांत यांत्रिकीचं बहुतेक काम भागतं.

एक गणित जवळून

टेबलावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली हलकी दोरी टेबलाच्या कडेवरच्या गुळगुळीत, हलक्या कप्पीवरून खाली जाते आणि तिच्या टोकाला ३ किलोग्रॅमचं वजन टांगलंय. ठोकळा आणि टेबल यांच्यातला घर्षण गुणांक ०.२ आहे. वजन सोडल्यावर त्वरण किती आणि दोरीतला ताण किती? गुरुत्व त्वरण ९.८ धरायचं.

दोन वस्तू आहेत, म्हणून फ्री बॉडी डायग्रामही (एकाच वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) दोन. क्लासच्या भाषेत एफबीडी. ठोकळ्याची वेगळी, वजनाची वेगळी. इथे एक सवय लावून घ्या: प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण लावतंय त्याचं नाव लिहायचं. ठोकळ्यावर पृथ्वी खाली ओढतेय ४९ न्यूटनने. टेबल वर ढकलतंय ४९ न्यूटनने. दोरी कप्पीकडे ओढतेय, ताण अजून माहीत नाही. टेबल मागे खेचतंय, ते घर्षण: ०.२ × ४९ = ९.८ न्यूटन. टांगलेल्या वजनावर दोनच बाण: पृथ्वी खाली २९.४ न्यूटन, दोरी वर, तोच ताण.

"कोण लावतंय?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो बाण खोडायचा. याच चाळणीत पहिल्या वर्षीच्या निम्म्याअधिक चुका अडकतात. चेंडू हातातून सुटल्यावरही त्याच्यावर वरच्या दिशेने "फेकण्याचं बल" दाखवलेलं असतं. ते कोण लावतंय? कुणीच नाही, हात तर मागे राहिला. वस्तुमान गुणिले त्वरण हा गुणाकारच वेगळं बल म्हणून आकृतीत काढलेला असतो, तोही इथेच गळतो. वर्तुळाकार गतीत ताण किंवा घर्षण दाखवून झाल्यावर "अभिकेंद्री बल" (वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारं) आणखी एकदा काढणारे खूप भेटतात. अभिकेंद्री हे त्या कामाचं नाव आहे. ते काम ताण, घर्षण किंवा गुरुत्वच करत असतं.

आता समीकरणं. ठोकळा: ताण − ९.८ = ५ × त्वरण. वजन: २९.४ − ताण = ३ × त्वरण. दोन्हींची बेरीज केली की ताण निघून जातो: १९.६ = ८ × त्वरण, म्हणून त्वरण २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताण = ९.८ + ५ × २.४५ = २२.०५ न्यूटन. ताळा दुसऱ्या समीकरणावर करायचा: २९.४ − २२.०५ = ७.३५, आणि ३ × २.४५ सुद्धा ७.३५. जुळलं.

पुष्कळ वह्यांत मात्र उत्तर ३.९२ दिसतं. विद्यार्थ्याने टांगलेल्या वस्तूचं वजन हाच ताण धरलेला असतो: (२९.४ − ९.८) ÷ ५ = ३.९२. ही चूक फक्त "चूक" म्हणून सोडून देऊ नये, तिच्यात शिकण्यासारखं खूप आहे. ताण खरोखर २९.४ असता तर टांगलेल्या वजनावरची दोन्ही बलं समसमान झाली असती आणि सोडल्यावर ते जागचं हललंच नसतं. मग ठोकळा पुढे सरकतोय आणि वजन जागेवर, हे न ताणणाऱ्या दोरीत कसं शक्य आहे? वजन खाली वेग घेत जातंय, याचाच अर्थ ताण वजनापेक्षा कमी.

पुस्तकातलं उत्तर न बघताही ३.९२ पकडता येतं. घर्षण अजिबात नाही असं धरून बघा: २९.४ ÷ ८ = ३.६७५. घर्षण असताना त्वरण याहून कमीच असायला हवं. ३.९२ हे बिनघर्षणाच्या उत्तराहूनही जास्त आहे, म्हणजे कुठेतरी नक्की घोटाळा आहे. ही टोकाची परिस्थिती तपासण्याची युक्ती उतरणीच्या गणितातही कामी येते. साइन की कोसाइन असा गोंधळ झाला तर कोन शून्य करून बघायचा. उतरण सपाट झाली की घसरवणारं बल शून्य व्हायला हवं, म्हणून तिथे साइन. उतरणीचा आधार पूर्ण वजनाइतका व्हायला हवा, म्हणून तिथे कोसाइन.

याच गणितात आणखी एक गोष्ट करून बघा. ३ किलोच्या जागी ०.८ किलो टांगा. त्याच सूत्राने त्वरण (७.८४ − ९.८) ÷ ५.८, म्हणजे सुमारे उणे ०.३४ येतं. म्हणजे ठोकळा मागे सरकून वजन वर उचलेल का? अर्थातच नाही. घर्षण स्वतःहून कुणाला ढकलत नाही. स्थितिक घर्षणाचा गुणांकही ०.२ च धरला तर ठोकळा हलणारच नाही. त्वरण शून्य, ताण ७.८४ न्यूटन आणि घर्षणही ७.८४ न्यूटन. घर्षण = गुणांक × आधारबल (टेबल वर ढकलतं ते) हे सूत्र सरकणाऱ्या वस्तूला लागू असतं. थांबलेल्या वस्तूला ते फक्त कमाल मर्यादा सांगतं, आणि घर्षण लागेल तेवढंच येतं. "आधी हलेल का ते बघा" ही पायरी गाळल्यामुळे कितीतरी हुशार मुलांचे गुण जातात.

प्रश्न कसा विचारायचा

"सर, ९ नंबर येत नाहीये 🙏" या मेसेजला नीट उत्तर देणं कुणालाही अवघड आहे. समोरच्याला पुस्तक शोधावं लागतं, पान काढावं लागतं, आणि तुमची गाडी कुठे अडली ते माहीत नसल्याने तो पूर्ण गणित सोडवून पाठवतो. म्हणजे तुम्हाला जे नको होतं नेमकं तेच हातात पडतं. त्यापेक्षा असं लिहा:

"दादा, टेबल-कप्पीचं गणित आहे, ५ किलो, ३ किलो, घर्षण गुणांक ०.२. पुस्तकात २.४५ आहे, माझं ३.९२ येतंय. मी ताण ३ × ९.८ धरला, घर्षण ९.८ न्यूटन काढलं आणि मग ठोकळ्याचं समीकरण मांडलं. गणिताचा आणि माझ्या दोन्ही एफबीडीचा फोटो पाठवतोय. मला शंका ताणाबद्दल आहे. पूर्ण सोडवू नकोस, ताण बरोबर धरलाय का एवढंच सांग."

यात पाच गोष्टी आल्या: गणित काय आहे, अपेक्षित उत्तर, तुमचं उत्तर, तुम्ही काय केलं आणि संशयाची जागा. शेवटच्या वाक्याने मदतीची मर्यादाही ठरली. सरांना किंवा मॅडमना विचारताना "एवढं सांगाल का?" म्हणा, बाकी मजकूर तोच. कुठलाही शिक्षक असा डाउट आनंदाने घेतो.

याला चांगलं उत्तर दोनच ओळींचं असतं: "वजनाची एफबीडी परत बघ. वरचा आणि खालचा बाण सारख्याच लांबीचे झालेत. मग ते खाली वेग कसा घेईल?" इथून पुढचं विद्यार्थी स्वतः करतो.

फोटो उजेडात, सरळ आणि पूर्ण पानाचा काढा. गणिताची आकृती कापू नका. गणित "वरील उदाहरणात" असं सुरू होत असेल तर वरचं उदाहरणही पाठवा. आणि वहीतलं खोडलेलं कच्चं काम झाकू नका, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

फोटो काढला की पूर्ण उत्तर देणारी अ‍ॅप आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. छापील गाइडचंही तेच. वापरायचीच असतील तर उत्तरावर कागद ठेवा आणि एकेक ओळ खाली सरकवा. ज्या ओळीवर "अरे, हे मला सुचलं नव्हतं" असं वाटेल तिथे थांबा, बंद करा आणि पुढचं स्वतः लिहा. अ‍ॅपचं उत्तर छापील उत्तराशी जुळलं तरी मधल्या पायऱ्या तपासा. अशा उत्तरांत दोन चुका एकमेकींना काटून शेवटचा आकडा बरोबर येऊ शकतो.

मदत करणाऱ्यासाठी

पेन शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. ही एकच गोष्ट पाळली तरी बरंच काही साधतं. पेन तुमच्या हातात आलं की गणित तुमचं होतं, आणि समोरचा मान डोलावत राहतो.

प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. मनात दहापर्यंत मोजा. शांतता जड वाटते, पण विचार त्या शांततेतच होतो. पहिला प्रश्न, "काय काढायचंय, तुझ्या शब्दांत सांग." बरेचदा अडलेली गाठ इथेच सुटते, कारण विद्यार्थ्याने वेगळंच काहीतरी काढायला घेतलेलं असतं. मग, "आकृती दाखव." मग एकेका बाणावर बोट ठेवून, "हे कोण लावतंय?" त्यानंतर, "इथे कुठला नियम लागेल, आणि का?" या "का"चं उत्तर "कारण मागच्या गणितात तोच होता" असं आलं, तर दुखणं कुठे आहे ते कळलं.

इशारा द्यावाच लागला तर लहानातला लहान द्या. आधी फक्त "तिसरं वाक्य परत वाच." तेवढ्याने भागलं नाही तर "दोन वस्तू आहेत, तू एकाच वस्तूचा विचार केलायस." मग "दोघांचं त्वरण सारखं का असेल?" समीकरण सांगणं हा शेवटचा उपाय. बीजगणितातली चूक असेल तर मात्र ती सरळ दाखवून टाका. चिन्ह सुटलंय हे शोधण्यात अर्धा तास घालवून फिजिक्स काही शिकलं जात नाही.

तुम्हालाही येत नसेल तर तसं सांगा आणि त्याच धड्यातलं सोडवलेलं उदाहरण दोघं मिळून उघडा. सायन्स न शिकलेल्या आईबाबांनाही मदत करता येते. समजावून सांगायला लावायचं आणि प्रत्येक बाणाला "हे बल कोण लावतंय?" आणि प्रत्येक आकड्याला "हा आकडा कशाचा, किलोचा की न्यूटनचा?" एवढंच विचारायचं. उत्तर देता देता मुलाला स्वतःची चूक ऐकू येते.

चिन्हांचा घोळ

दुसरं गणित. ४० मीटर उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर पोचायला किती वेळ? गुरुत्व त्वरण १० धरा.

वरची दिशा धन, सुरुवातीची जागा गच्चीची कड. सुरुवातीचा वेग अधिक १०, त्वरण उणे १०, विस्थापन उणे ४०, कारण चेंडू निघाल्या जागेपासून ४० मीटर खाली संपतो. मधे तो वर जाऊन आला याचा विस्थापनाशी संबंध नाही. वर जाणं आणि खाली येणं असे दोन तुकडे करायची गरजच नाही. समीकरण: −४० = १० × काळ − ५ × काळाचा वर्ग. ५ ने भागून मांडलं की काळाचा वर्ग − २ × काळ − ८ = ०. उत्तरं ४ आणि उणे २. चेंडू ४ सेकंदांनी जमिनीवर. तेव्हाचा वेग १० − ४० = −३०, म्हणजे खाली ३०. ताळा: १०० + २ × १० × ४० = ९००, वर्गमूळ ३०.

मित्राचं उत्तर २ सेकंद आलं तर लगेच ओळखा की त्याने सगळंच धन धरलंय: ४० = १० × काळ + ५ × काळाचा वर्ग. हे उत्तर दुसऱ्याच गणिताचं आहे, त्यात चेंडू १० च्या वेगाने खाली फेकलाय. विस्थापन अधिक ४० आणि त्वरण उणे १० धरलं असेल तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. ते बघून मुलं घाबरतात, पण ही संख्या खरंच सांगत असते: १० च्या वेगाने वर फेकलेला चेंडू गच्चीच्या वर ४० मीटर कधीच पोचणार नाही, तो ५ मीटरवरून परत फिरतो.

उणे २ लाही अर्थ आहे. हाच चेंडू २ सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगाने वर निघाला असता, तर गच्चीपाशी १० च्या वेगाने पोचला असता. ऋण उत्तर खोडण्याआधी ते का खोडतोय हे एका वाक्यात लिहा: "चेंडू शून्य सेकंदाला सुटला, त्याआधीची वेळ या गणिताला लागू नाही."

छापील उत्तराशी जुळत नाही तेव्हा

स्वाध्यायात गणिताशेजारी किंवा पुस्तकाच्या शेवटी उत्तर दिलेलं असतं. जुळलं नाही की पुन्हा पहिल्यापासून सोडवायला बसू नका. आधी दोन्ही उत्तरांचा भागाकार करा. चूक कुठे झाली त्याचा पत्ता तो आकडा सांगतो.

भागाकार २ आला तर सूत्रातला अर्धा सुटलाय, किंवा त्रिज्येच्या जागी व्यास घातलाय. क्षेत्रफळात व्यास घातला की ४ येतो. ३.६ आला तर ताशी किलोमीटर तसेच राहिलेत. १२.९६ आला तरी तेच, फक्त वेगाचा वर्ग झालाय. उदाहरणार्थ, ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी ४ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने ५० मीटरमध्ये थांबते, पण वेग न बदलता ७२ च घातला की ६४८ मीटर येतात, आणि ६४८ ÷ ५० = १२.९६. सुमारे १.७३ आला आणि गणितात ३० किंवा ६० अंश असतील तर साइन-कोसाइनची अदलाबदल झालीय. ९.८ आला तर वस्तुमान आणि वजन यांची गल्लत. ६.२८ आला तर वारंवारता आणि कोनीय वारंवारता एकच धरलीय. १००० आला तर ग्रॅम. फरक फक्त दोन टक्क्यांचा असेल तर बहुधा कुणीतरी ९.८ आणि कुणीतरी १० धरलंय. ती चूक नाही, पण गणितात दिलेली किंमतच वापरायची. कॅल्क्युलेटरवर ३० चा साइन उणे ०.९८८ दाखवत असेल तर तो रेडियनमध्ये आहे.

छापील उत्तर चुकलेलं असू शकतं, पण हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी. दुसऱ्या एखाद्या मार्गाने, उदाहरणार्थ बलांऐवजी ऊर्जेने, तेच तुमचं उत्तर आलं आणि एकत्र बसणाऱ्या आणखी एकाचंही स्वतंत्रपणे तेच आलं, तर शिक्षकांना दाखवा.

बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून घरीही लॉग टेबलनेच करा आणि किमती शेवटी घाला. समीकरण अक्षरांत शेवटपर्यंत नेलं की मदत करणाऱ्यालाही चूक एका नजरेत दिसते, आणि पेपरात आकडेमोड चुकली तरी सूत्र आणि किमती घालण्याचे गुण मिळतात.

एकत्र बसून सोडवताना

तिघं किंवा चौघं बसा. सहा जण झाले की दोघं सोडवतात आणि चौघं उतरवतात. आधी दहा-बारा मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून आपापल्या वहीत सोडवायचं. मग फक्त उत्तरं सांगायची, पद्धत नाही. उत्तरं वेगळी आली तर उत्तम, कारण आता बोलायला काहीतरी मिळालं. आकडेमोड बाजूला ठेवा, आकृत्या शेजारी शेजारी ठेवा आणि पहिला फरक शोधा. तो जवळजवळ नेहमी आकृतीत किंवा चिन्हात असतो.

ज्याचं उत्तर वेगळं आलंय त्याने आधी समजावून सांगावं. त्याला मधेच थांबवू नका. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात वर्गात हेच सुरू केलं: प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग परत उत्तर नोंदवायचं. शेजारी नुकताच तिथून पुढे गेलेला असतो, म्हणून ठेच कुठे लागते ते त्याच्या चांगलं लक्षात असतं.

एका बैठकीत चार-पाच गणितं पुरे. वीस गणितं "झाली" असं वाटत असेल तर बहुतेक ती कुणीतरी एकाने केलीत.

मदत मिळाल्यानंतर

मिळालेलं उत्तर वाचून वही मिटू नका. सगळं झाका आणि तेच गणित कोऱ्या कागदावर पहिल्या आकृतीपासून लिहा. परत त्याच ओळीवर अडलात तर ती ओळ अजून तुमची झालेली नाही, तेवढीच परत विचारा. दोन दिवसांनी पुन्हा एकदा करा, या वेळी आकडे बदलून: टेबल-कप्पीच्या गणितात घर्षण गुणांक ०.५ करा, किंवा टेबल ३० अंशांत तिरकं करा आणि बघा कुठली समीकरणं बदलली, कुठली तशीच राहिली.

चुकांची एक छोटी वेगळी वही ठेवा. प्रत्येक गणितासाठी एकच ओळ: तारीख, गणित, चूक कसली. "ताण = वजन धरला." "विस्थापनाचं चिन्ह." "हलतंय का ते बघितलं नाही." महिन्याभरात दिसेल की तुमच्या चुका शंभर प्रकारच्या नाहीत, चार-पाचच आहेत आणि त्याच परत परत येतात. पुढच्या वेळी कुणाला डाउट विचारायच्या आधी ही वही उघडा. बऱ्याचदा उत्तर तुमच्याच अक्षरात तिथे लिहिलेलं सापडेल.